पत्रकारितेचं विद्यापीठीय शिक्षण आणि पुढची वाट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेश घेण्याआधी, शिकत असताना आणि पहिली नोकरी शोधताना विद्यार्थी आणि त्यांचे पालक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. ज्या प्रश्नांवर सगळ्यात जास्त गोंधळ उडतो, तिथे उत्तर मुद्दाम लांबवलं आहे.

पत्रकार व्हायला पदवी लागतेच का?

बहुतेक देशांत लागत नाही. वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते, तसा बातमी लिहिण्यासाठी परवाना नसतो. इतिहास, अर्थशास्त्र किंवा भौतिकशास्त्र शिकून या व्यवसायात आलेली आणि उत्तम काम करणारी माणसं भरपूर आहेत.

मग विद्यापीठात शिकायचं कशासाठी? चुका करायला जागा मिळावी म्हणून. धावत्या वृत्तकक्षात वरिष्ठ तुमची कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, दुरुस्त करून पुढे पाठवतात, पण काय बदललं आणि का बदललं हे समजावून सांगायला त्यांच्याकडे वेळ नसतो. तो वेळ वर्गात मिळायला हवा. अमेरिकेतल्या मिझुरी विद्यापीठात १९०८ मध्ये पत्रकारितेचं स्वतंत्र विद्यालय सुरू झालं, तेव्हापासून तिथले विद्यार्थी गावातल्या खऱ्या वाचकांसाठी खरं वृत्तपत्र काढत आले आहेत. वृत्तपत्रमालक जोसेफ पुलित्झरच्या देणगीतून १९१२ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वर्ग सुरू झाले, तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांनाही न्यूयॉर्क शहरात बातमीसाठी पाठवलं जाऊ लागलं. जिथे असं काम करून घेतलं जातं, तिथली पदवी कामाला येते.

पदवीलाच पत्रकारिता घ्यावी, की दुसरा विषय शिकून मग पदव्युत्तरला यावं?

एखाद्या विषयाची मनापासून ओढ असेल तर आधी तो शिका. आरोग्य, न्यायालय, अर्थव्यवहार, हवामान या बीटवर (बातमीदाराला नेमून दिलेल्या क्षेत्रात) विषयाची जाण असलेला बातमीदार लवकर पुढे जातो, कारण तो अहवाल स्वतः वाचू शकतो. अहवालाबद्दल कोणी काय म्हटलं, एवढ्यावर त्याला थांबावं लागत नाही. असा कोणता विषय मनात नसेल आणि लिहिणं-बोलणं आवडत असेल तर पदवीलाच पत्रकारिता घेण्यात तोटा नाही. मात्र सोबतीला संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्राचा एखादा पेपर आवर्जून घ्या.

अभ्यासक्रम चांगला आहे हे कसं ओळखायचं?

माहितीपत्रकातले स्टुडिओचे फोटो बाजूला ठेवा आणि शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना गाठून विचारा: आठवड्याला किती बातम्या लिहायला लावतात? त्या ओळीनओळ तपासून परत मिळतात का? शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी वृत्तकक्षात काम केलंय? विभागाचं स्वतःचं वृत्तपत्र, संकेतस्थळ किंवा रेडिओ आहे का आणि ते शेवटचं कधी अद्ययावत झालं? स्टुडिओ कुलूपबंद आणि प्रायोगिक अंकाची तारीख दीड वर्षापूर्वीची असेल, तर उत्तर मिळालंच.

माध्यमांचा कायदा आणि पत्रकारितेची नीतिमूल्यं हे स्वतंत्र पेपर आहेत का, हेही बघा. जाहिरात, चित्रपट आणि जनसंपर्क यांच्या गर्दीत बातमीदारीला एकच सत्र मिळत असेल, तर तो पत्रकारितेचा अभ्यासक्रम म्हणता येणार नाही.

पहिल्या वर्षी लिहिणं म्हणजे नेमकं काय शिकवतात?

कोण, काय, कुठे, कधी, का आणि कसं, हे सहा प्रश्न सगळ्यांना तोंडपाठ असतात. अडचण येते ती यांतलं सर्वांत महत्त्वाचं कोणतं हे ठरवताना. नवख्या विद्यार्थ्याचा इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवातीची एक-दोन वाक्यं, बहुतेकदा असा असतो:

‘नागरिकांच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाच्या अशा पाणीपुरवठ्याच्या विषयावर काल झालेल्या सभेत प्रदीर्घ चर्चा होऊन विविध निर्णय घेण्यात आले.’

वाक्य व्याकरणात बरोबर आहे, पण त्यात बातमी नाही. सभा झाली हे कळलं, पाण्याचं काय झालं ते कळलं नाही. हाच इंट्रो असा हवा:

‘शहराला सोमवारपासून एक दिवसाआड पाणी मिळेल. धरणातला साठा १८ टक्क्यांवर आल्याने पालिकेच्या सभेने काल हा निर्णय घेतला.’

आता ज्याच्या घरात नळ आहे तो पुढे वाचेल. ‘घेण्यात आले’, ‘सांगण्यात आले’, ‘कळते’ ही क्रियापदं कर्त्याला लपवतात. कोणी घेतले, कोणी सांगितले, हे लिहायचं झालं की बातमीदाराला ते शोधावंच लागतं आणि तिथेच कच्ची बातमी उघडी पडते. ‘नुकतेच’, ‘लवकरच’, ‘मोठ्या प्रमाणात’ हे शब्द आले की तिथे तारीख किंवा आकडा घालता येतो का ते पाहायचं. उलट्या पिरॅमिडचा, म्हणजे महत्त्वाचं आधी आणि तपशील उतरत्या क्रमाने, हा आराखडा याच वर्षी हातात बसायला हवा. पान लावताना बातमी शेवटून कापली तरी ती अर्धवट वाटता कामा नये.

गणित कच्चं आहे. चालेल का?

बेरीज-वजाबाकी आणि टक्केवारी पक्की हवी. त्याशिवाय काम करता येत नाही, आणि हे स्पष्ट सांगितलेलं बरं. नेहमी होणाऱ्या चुका मोजक्याच आहेत.

व्याजदर ४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेला तर वाढ २ टक्के झाली असं सर्रास लिहिलं जातं. ती वाढ २ टक्केबिंदूंची आहे, टक्केवारीत सांगायची तर ५० टक्के. दुसरी चूक नुसत्या संख्येची. एका शहरात १२ खून झाले, दुसऱ्यात ४, म्हणून पहिलं जास्त असुरक्षित असं मथळ्यात येतं. पहिल्याची लोकसंख्या १० लाख आणि दुसऱ्याची २० हजार असेल, तर दर लाखामागे पहिल्यात १.२ आणि दुसऱ्यात २० खून होतात. त्यातही २० हजारांच्या गावात एका वर्षात एक-दोन घटना इकडेतिकडे झाल्या तरी दर उडी मारतो, म्हणून किमान पाच वर्षांचे आकडे शेजारी ठेवायचे. तिसरी चूक जनमत चाचणीची. सुमारे १००० लोकांच्या यादृच्छिक नमुन्यात साधारण ३ टक्केबिंदू इकडेतिकडे होऊ शकतात, त्यामुळे २ बिंदूंची आघाडी मथळ्यात विजय म्हणून लिहायची नसते.

स्प्रेडशीटमध्ये क्रम लावणं, गाळणी लावणं आणि पिव्होट टेबल (नोंदी गटवार मोजून दाखवणारा तक्ता) करणं, एवढं आलं तरी खूप काही दिसू लागतं. ‘बॉस्टन ग्लोब’ या अमेरिकी वृत्तपत्राच्या शोधपथकाने २००२ मध्ये चर्चमधल्या लैंगिक शोषणाची प्रकरणं उघड केली, तेव्हा चर्चच्याच छापील वार्षिक निर्देशिकांतून नोंदी काढून त्यांनी तक्ता बनवला. आरोप झालेल्या धर्मगुरूंच्या नावापुढे ‘आजारपणाची रजा’ यांसारख्या नोंदी वर्षानुवर्षं कशा येतात, हे त्या तक्त्यात दिसलं. निर्देशिका सगळ्यांसाठी उपलब्ध होत्या. त्या ओळी एकत्र मांडायचे कष्ट कोणी तोवर घेतले नव्हते.

मुलाखत घ्यायला भीती वाटते. काय करावं?

भीती बहुतेक वेळा तयारीच्या अभावाची असते. समोरच्याने आधी काय म्हटलंय, काय लिहिलंय ते वाचून दहा प्रश्न काढा आणि त्यातले तीन अत्यावश्यक म्हणून खूण करून ठेवा, कारण वेळ अर्ध्यावर येऊ शकते. ‘हो’ किंवा ‘नाही’वर संपणारे प्रश्न टाळा. ‘मग पुढे काय झालं?’ हा प्रश्न जवळजवळ कुठेही चालतो. उत्तर आलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, दोन-तीन सेकंद थांबा. त्या शांततेत माणूस बहुधा खरं बोलायला लागतो.

नाव, आडनाव आणि पद समोरच्याच हाताने वहीत लिहून घ्या. रेकॉर्डर लावला तरी वहीत टिपणं हवीतच, महत्त्वाच्या वाक्यापुढे वेळ लिहा म्हणजे नंतर तासाभराचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकावं लागत नाही.

‘हे ऑफ द रेकॉर्ड बरं का’ असं बोलून झाल्यावर सांगितलं, तर काय? हा करार दोघांनी बोलण्याआधी करायचा असतो. शिवाय त्या शब्दांचा अर्थ प्रत्येकाच्या मनात वेगळा असतो. म्हणून तिथेच साध्या भाषेत विचारा: नावासह छापू का? नाव वगळून पदाचा उल्लेख करू का? की अजिबात न छापता फक्त दुसरीकडून खातरजमा करायला वापरू? जे ठरेल ते पाळायचं. नंतर संपादकाने कितीही आग्रह धरला तरी.

व्हायरल फोटो किंवा व्हिडिओ खरा आहे का, हे कसं तपासतात?

पहिला प्रश्न: हा याआधी कुठे आलाय का? चित्र उलट शोधात (शब्दांऐवजी चित्रावरून शोधणाऱ्या साधनात) टाका, व्हिडिओ असेल तर त्यातल्या तीन-चार फ्रेम वेगळ्या काढून टाका. सर्वांत जुना निकाल बघा. काहीच सापडलं नाही तर चित्र आडवं उलटवून पुन्हा शोधा, कारण फसवणारे आरशातली प्रतिमा वापरतात.

मग जागा आणि वेळ. दुकानाच्या पाट्या, वाहनांच्या नंबरप्लेट, खांबांचे आकार, डोंगराची रेघ, हे उपग्रहचित्राशी आणि रस्त्यावरच्या छायाचित्रांशी ताडून पाहतात. सावलीची दिशा आणि लांबी यांवरून दिवसाची वेळ काढता येते. फाइलमधली अंतर्गत नोंद (फोटो कधी, कशाने काढला ते सांगणारी) पाहा, पण तिच्यावर विसंबू नका: व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतून ती नोंद निघून गेलेली असते.

शेवटी माणूस गाठा. ज्याने टाकलं त्यालाच विचारा की मूळ फाइल आहे का, आणि याच्या आधीचं व नंतरचं चित्रण दाखवता येईल का. स्वतः काढणाऱ्याकडे सहसा तेव्हाचे आणखी चार फोटो असतात.

कॅमेरा कोणता घेऊ?

शिकताना बऱ्यापैकी फोन पुरतो. आधी कॉलरला लावायचा छोटा माइक घ्या, मग हेडफोन, मग ट्रायपॉड. हलणारं चित्र प्रेक्षक सहन करतो, न ऐकू येणारा आवाज करत नाही.

ध्वनी ४८ किलोहर्ट्झवर घ्या आणि आवाजाची टोकं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान ठेवा. शून्य डेसिबलला भिडला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज संपादनात पूर्ववत होत नाही. प्रत्येक ठिकाणची ३० सेकंदांची नुसती शांतता टिपून आणा, जोड लपवायला ती लागते. प्रत्येक दृश्य किमान १० सेकंद न हलवता धरा. ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यावरच्या दिव्यांखाली सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं की चित्र लुकलुकत नाही, ६० हर्ट्झ असेल तिथे ३० आणि १/६०. फाइल्सच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. परीक्षेच्या आदल्या रात्री हार्डडिस्क बंद पडण्याचे प्रसंग दरवर्षी येतात.

कायद्याचं किती माहीत असावं?

वकिलाला फोन कधी करायचा हे कळण्याइतकं. अब्रुनुकसानीत ‘असं अमुक म्हणाला’ हे सर्वसाधारणपणे ढाल ठरत नाही. बदनामीकारक आरोप दुसऱ्याच्या तोंडचा असला तरी तो छापणारे तुम्हीच असता. अटक झालेला माणूस आरोपी असतो, ‘चोरट्याला पकडले’ हा मथळा खटल्याआधीच निकाल देऊन टाकतो.

लैंगिक अत्याचारातल्या पीडित व्यक्तीची आणि लहान मुलांची ओळख उघड करायला अनेक देशांत बंदी आहे. ती ओळख नुसत्या नावाने उघड होत नाही. एका बातमीत नातं येतं, दुसरीत वस्ती, तिसरीत शाळा, आणि शेजारी तुकडे जुळवतात. म्हणून कोणता तपशील वगळायचा हे सगळ्या वृत्तकक्षाने एकत्र ठरवावं लागतं.

माहितीच्या अधिकाराचा वापरही वर्गातच शिका. स्वीडनने असा पहिला कायदा १७६६ मध्ये केला, आज शंभराहून अधिक देशांत तो आहे. ‘रस्त्यांची सर्व माहिती द्या’ असा अर्ज फेटाळला जातो किंवा लांबणीवर पडतो. कोणता कागद, कोणत्या कार्यालयाचा, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, एवढं नेमकं मागितलं की मिळण्याची शक्यता वाढते.

कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहून घेतलं तर?

मुलाखतीचा मजकूर टाइप करून घ्यायला, लांब कागदपत्रांत शोधायला, शुद्धलेखन पाहायला ती उपयोगी आहे. तिने दिलेलं नाव, आकडा, अवतरण किंवा संदर्भ मूळ ठिकाणी जाऊन पाहिल्याशिवाय वापरू नका, कारण नसलेल्या गोष्टी ती ठामपणे सांगते. गोपनीय सूत्राची माहिती बाहेरच्या कोणत्याही सेवेत टाकू नका. आणि शिकण्याच्या वर्षांत पहिला मसुदा स्वतःच लिहा, नाहीतर इंट्रो कुठे फसतो हे कधीच कळणार नाही.

इंटर्नशिप कधी आणि कुठे करावी?

दुसऱ्या वर्षी एक, शेवटच्या वर्षी एक. मोठ्या नावाच्या ठिकाणी तीन महिने प्रेसनोट टाइप करण्यापेक्षा छोट्या वृत्तपत्रात रोज बाहेर पडायला मिळत असेल तर तिथे जा. रुजू होण्याआधी विचारा: बायलाइन (बातमीवर तुमचं नाव) मिळते का, कॉपी कोण तपासणार, मानधन आणि प्रवासखर्च किती. पहिल्याच आठवड्यात तीन बातम्यांच्या कल्पना लिहून न्या. बरेच इंटर्न काम सांगितलं जाण्याची वाट बघत बसतात आणि महिना संपतो.

शिकून झाल्यावर कोणकोणती कामं मिळतात?

बातमीदार सगळ्यांना माहीत असतो. डेस्कवरचा उपसंपादक मात्र प्रवेशाच्या वेळी कोणाच्या मनात नसतो, आणि भाषा पक्की असलेल्यांना तिथे चांगली संधी असते. तो कॉपीतली विसंगती पकडतो, नावं तपासतो, ४०० शब्दांची बातमी २२० वर आणतो, मथळा देतो. मृतांचा आकडा मथळ्यात सात आणि मजकुरात सहा आहे, हे छापण्याआधी त्यालाच दिसायला हवं.

वृत्तसंस्थांचं काम वेगळ्या शिस्तीचं. असोसिएटेड प्रेस १८४६ पासून आणि रॉयटर्स १८५१ पासून इतर माध्यमांना बातम्या पुरवतात. वाचक अनेक कालक्षेत्रांत पसरलेला असल्याने तिथे ‘आज’, ‘काल’ऐवजी वार लिहितात, आणि बातमी एका ओळीपासून सुरू होऊन टप्प्याटप्प्याने वाढते.

रेडिओ आणि पॉडकास्टमध्ये कानासाठी लिहावं लागतं. ‘४९.७ टक्के’ ऐकताना निसटतं, ‘जवळपास निम्मे’ लक्षात राहतं. कोण म्हणालं ते आधी येतं, काय म्हणालं ते नंतर. दूरचित्रवाणीत अँकरच्या मागे निर्माता, रनडाउन (कार्यक्रमातल्या बातम्यांचा क्रम आणि वेळ) सांभाळणारा, संशोधक, संकलक अशी फौज असते आणि नोकऱ्या जास्त करून तिथेच असतात.

यांशिवाय छायापत्रकार, तथ्य-पडताळणी करणारे, डेटा पत्रकार, ग्राफिक्सचं काम करणारे, वाचकसंपर्क सांभाळणारे संपादक. शोधपत्रकारितेत पहिली नोकरी क्वचित मिळते. २०१६ मधल्या पनामा पेपर्समध्ये, म्हणजे पनामातल्या एका कायदाविषयक कंपनीतून फुटलेल्या दस्तऐवजांत, सुमारे १ कोटी १५ लाख कागदपत्रं होती, आणि जगभरातल्या शेकडो पत्रकारांनी एकमेकांशी माहिती वाटून घेत ती तपासली. अशा कामाला कागद वाचण्याचा संयम आणि गुपित सांभाळण्याची सवय लागते. ती रोजच्या न्यायालयीन किंवा पालिकेच्या बीटवर तयार होते.

पत्रकारितेबाहेर जनसंपर्क, सामाजिक संस्थांचे संवाद विभाग, प्रकाशन, माहितीपट, अध्यापन आणि संशोधन आहे. जनसंपर्कातून परत बातमीदारीत आलात, तर ज्यांचं काम केलं त्यांच्याबद्दल लिहिताना ते उघड करा किंवा तो विषय सोडा.

पोर्टफोलिओत काय ठेवू?

सहा ते आठ कामं, सगळ्यात चांगलं सगळ्यात वर. एक ताजी बातमी, एक पाठपुरावा, एक लांब लेख, एक आकड्यांवर आधारलेलं आणि एक आवाज किंवा चित्रातलं. संकेतस्थळं बंद होतात, म्हणून दुव्यासोबत पीडीएफ ठेवा. गटाने केलेलं काम असेल तर आपण नेमकं काय केलं ते लिहा.

अर्जात काहीही फुगवू नका. ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या जॅनेट कुकला एका आठ वर्षांच्या व्यसनी मुलाच्या कहाणीसाठी १९८१ मध्ये पुलित्झर पारितोषिक जाहीर झालं. तिच्या शिक्षणाचे तपशील जुळत नाहीत हे इतर वृत्तकक्षांच्या लक्षात आलं आणि तिथून धागा ओढला गेला. मुलगाच काल्पनिक निघाला, पुरस्कार परत करावा लागला.

भरतीची चाचणी कशी असते?

विस्कळीत प्रेसनोटवरून ४५ मिनिटांत बातमी, तिला मथळा, एका चुकांनी भरलेल्या मजकुराचं संपादन, भाषांतर आणि चालू घडामोडी. प्रेसनोटमध्ये मुद्दाम चुकीची बेरीज किंवा दोन प्रकारे लिहिलेलं नाव पेरलेलं असतं. ते सापडलं तर परस्पर दुरुस्त करू नका, समासात प्रश्न म्हणून नोंदवा. परीक्षक तेच शोधत असतो.

पगार पुरेसा मिळतो का?

सुरुवातीला बेताचाच. पाळ्या, सुट्टीच्या दिवशीची कामं आणि कंत्राटी नेमणुका गृहीत धरा. स्वतंत्रपणे लिहायचं ठरवलं, तर विषयाचा प्रस्ताव २०० शब्दांच्या आत बसवा: बातमी काय, आत्ताच का, कोणाशी बोलणार, हातात काय आहे, किती शब्द आणि कधीपर्यंत. ‘पाणीटंचाईवर लिहायचंय’ हा विषय झाला, प्रस्ताव नाही. मानधन, ते मिळण्याची मुदत, मजकुराचे हक्क आणि लेख स्वीकारून छापला नाही तर काय मिळणार, हे काम सुरू करण्याआधी ईमेलवर घ्या.

अपघात, मृत्यू यांचं वार्तांकन झेपेल का?

झेपायला शिकावं लागतं, आणि त्रास होणं हे दुबळेपण नाही. शोकातल्या माणसाकडे जाताना आधी ओळख सांगा, परवानगी घ्या, नकार आला तर निघा. हिंसक चित्रफिती तपासायच्या असतील तर आवाज बंद ठेवून, छोट्या चौकटीत पाहा. आठवडे उलटूनही झोप लागत नसेल, तीच दृश्यं परत परत दिसत असतील, तर समुपदेशकाकडे जा आणि संपादकाला सांगा.

माझी चूक छापून आली. आता?

कोणाच्या लक्षात येण्याची वाट पाहू नका. लगेच संपादकाला सांगा: काय छापलं, खरं काय आहे आणि तुम्हाला ते कशावरून कळलं. ऑनलाइन मजकूर गुपचूप बदलायचा नसतो. दुरुस्ती करून खाली काय चुकलं होतं आणि कधी बदललं ते लिहितात. ज्याच्याबद्दल चुकलं त्याला स्वतः फोन करा. संस्थेच्या समाजमाध्यमांवर गेलेल्या त्याच बातमीच्या पोस्ट शोधा, कारण मूळ पान दुरुस्त झालं तरी तिथलं कार्ड जुन्याच आकड्यासह फिरत राहतं. मग वही काढून चूक नेमकी कुठे शिरली ते बघा: ऐकताना, टिपताना, टाइप करताना की डेस्कवर.